दुघरी

टण्णकन वाटी पडली. दुपारच्या सुस्त शांततेत ती गोल गोल फिरली, आवाज बारीक करत करत फ्रिजच्या पायाशी गेली आणि निपचित झाली.

कल्याणी तिच्याकडे पाहत उभी राहिली. वाटीत भिजवलेली चिंच होती, तिचं पाणी लादीवर पसरलं होतं. घरात वाट्या पडतातच, त्याचं काही नाही. पण ही वाटी हातातून निसटली नव्हती. तिने ती ठेवली होती. शेगडीच्या डाव्या अंगाला, नीट, सावकाश, एकेक बोट मोकळं करत ठेवली होती. फक्त शेगडीच्या डाव्या अंगाला काही नव्हतं. ओटा तिथे संपायचा, पुढे हातभर मोकळी जागा आणि मग मागच्या गॅलरीचं दार.

शेगडीच्या डावीकडे खिडकीखालचा रुंद लाकडी कट्टा होता, तो दुसऱ्या घरात. व्हँकुव्हरला. इथून बारा हजार किलोमीटरवर.

"आई, काय पडलं?" आतल्या खोलीतून झोपेतला आवाज आला.

"काही नाही गं. वाटी. झोप तू."

पण रुंजी आलीच, डोळे चोळत, एका पायातला पैंजण वाजवत. दुसऱ्या पायातला कुठेतरी हरवला होता आणि एकच घालायचा हट्ट होता. साडेचार वर्षांची ही मुलगी कल्याणी घरी असली की दुपारची झोप अर्धीच घ्यायची. आई घरात असताना झोपून कसं चालेल, असा तिचा हिशोब.

संध्याकाळी निनाद शाळेतून आला, तेव्हा रुंजीने उंबऱ्यातच बातमी दिली. "बाबा, आईनं वाटी हवेत ठेवली."

"हवेत?" निनादने चपला काढता काढता विचारलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरातही थोडा शिकवतच असायचा. "अगं, आठवड्यातून दोनदा आकाशातून जाते तुझी आई. तिकडे ठेवलेल्या वस्तू खाली पडत नाहीत. तिला वाटलं, इकडेही तसंच."

कल्याणी हसली. ही तिसरी वाटी होती हे तिने सांगितलं नाही.

*

झेपविमानं सुरू होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. जुनं विमान हवेला धरून, हवेला रेटत जायचं, आणि तीच हवा त्याचा वेग अडवून धरायची. झेपविमान धावपट्टीवरून साध्या विमानासारखंच उठतं. पण मग अशी उभी चढण घेतं की थोड्या वेळात हवा खालीच राहते. तिथे इंजिन बंद होतं आणि विमान फेकलेल्या दगडासारखं पुढे जात राहतं. अडवणारं कोणी नाही, आवाज नाही, अंगाला वजन नाही. अर्ध्याहून जास्त वाट अशीच कापली जाते. मग पृथ्वी त्याला पुन्हा खाली ओढते, पंखांना हवा लागते आणि ते उतरतं. नागपूर ते व्हँकुव्हर पाऊण तास. खामल्याहून मिहानच्या विमानतळावर पोचायला वर्धा रोडवर त्याहून जास्त वेळ मोडायचा, आणि रिक्षावाल्यांशी घासाघीस वेगळी.

निनादने रुंजीला पृथ्वीचा गोल आणून दिला होता. त्याच्यावर नागपूरला एक टाचणी, व्हँकुव्हरला दुसरी, आणि मध्ये ताणलेला लाल दोरा. दोरा सरळ पूर्वेला जायचा नाही. सैबेरियाच्या डोक्यावरून, बर्फाच्या समुद्राला घासून पलीकडे उतरायचा. "गोलावरची जवळची वाट अशीच असते," निनाद सांगायचा. आणि मग, दर वेळी, "अंतर काही कमी झालं नाही हं. दोरा तेवढाच आहे. वेळ कमी झाला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे माझ्या सातवीतल्या पोरांनाही कळत नाही आणि सरकारलाही नाही."

सरकारला कळत नव्हतं असं नाही. तिकडे माणसं म्हातारी झाली होती आणि हात कमी पडत होते. इकडे हात होते. अंतर पाऊण तासाचं झाल्यावर तिकडच्यांनी झेप-परवाना काढला: या, काम करा, चार दिवस राहा, तीन दिवस घरी जा. कुटुंब आणायचं नाही, वस्ती करायची नाही. तिकिटाचे पैसे ज्याच्याकडे काम, तो देईल. कल्याणी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट होती. आखडलेल्या, जिद्दी, रुसलेल्या पायांना चालायला शिकवायचं तिचं काम, आणि त्यात तिचा हात चांगला होता.

पहिल्या खेपेला शेजारच्या गोतमारे काकूंनी तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली होती. सगळे दारात उभे होते. रुंजी रडली, काकू रडल्या, कल्याणीने "जाते" म्हणायचं नाही म्हणून तीनतीनदा "येते" म्हटलं. दुसऱ्या आठवड्यातही दही झालं. तिसऱ्यात काकूंना आठवलं नाही. कोपऱ्यावर भाजी आणायला निघालेल्या बाईच्या हातावर कोणी दही ठेवतं का? "पोचलीस की कळव" हेही मग कोणी म्हणेनासं झालं. कल्याणी पिशवी उचलायची, रुंजीच्या डोक्यावर ओठ टेकायची, "येते गं" म्हणायची आणि कुकर बंद करायचं निनादला आठवण करून देत निघून जायची. तिकडे पोचायची तेव्हा त्यांची सकाळ उजाडत असायची. केसांना अजून इथल्या फोडणीचा वास असायचा.

रुंजीला तिने सांगितलं होतं, आई दवाखान्यात काम करते. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

*

दवाखाना नव्हता. घर होतं, आणि घरात नोरा होती.

नोरा वेळेआधी जन्मली होती. आता तीन वर्षांची, पण पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे, टाचा जमिनीला लागायच्या नाहीत. तिची आई क्लेअर आणि वडील दोघंही समुद्राखालच्या केबलींच्या कामावर, सतत कुठल्या ना कुठल्या बोटीवर. क्लेअर वाईट बाई नव्हती. घरी असली की पाठीमागे उभी राहून शिकायचा प्रयत्न करायची, आणि नोरा कळवळली की हात मागे घ्यायची. "तुला जमतं, मला जमत नाही," ती म्हणायची. "मी थांबते. तू थांबत नाहीस."

रोज सकाळी शेगडीवर दूध ठेवून कल्याणी नोराला उचलायची आणि डावीकडच्या त्या कट्ट्यावर बसवायची. शेगडीच्या उबेने लाकूड कोमट असायचं. बाहेर खाडी, पाऊस, एखादी करड्या रंगाची बोट. कल्याणी तिच्या पोटऱ्यांना तिळाचं तेल चोळायची, पायांना पट्टे बांधायची, आणि बांधताना गुणगुणायची:

"टाच म्हणते चल गं, बोट म्हणतं थांब,
गुडघा म्हणतो दोघींनी मला आधी सांग."

हे गाणं तिने रुंजीसाठी जुळवलं होतं, रुंजी पहिली पावलं टाकत होती तेव्हा. त्याला चाल अशी नव्हती, अर्थही फार नव्हता. पण नोराचे पाय त्या गाण्याला सैल पडायचे. तिला मराठी कळत नव्हतं. तरी "दोघींनी" आलं की तिने स्वतःच गुडघा पुढे करावा, इतपत ते तिच्या अंगात गेलं होतं. कल्याणी दूध उतरवायला वळताना "आलेच" म्हणायची. नोराने तो शब्द उचलला. खुर्ची धरून उभी राहायची, एक पाय उचलायची, पडायची आणि पडल्या जागेवरून म्हणायची, "आलेच."

त्या गुरुवारी तिने खुर्ची सोडली. फार नाही, एक श्वासभर. दोन्ही टाचा जमिनीवर, हात हवेत, तोंड उघडं. मग ती कल्याणीच्या अंगावर कोसळली आणि हसत सुटली, आणि कल्याणीने तिला इतकं घट्ट धरलं की तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

"रुंज्या, केलंस की गं," ती म्हणाली.

नोराने त्या नावाला ओ दिली. नेहमीच द्यायची.

संध्याकाळी भांडी आवरून कल्याणी खाली वाकली आणि ओट्याखालच्या कपाटात हात घालून चाचपडू लागली. क्लेअरने विचारलं, "काही हरवलं का?"

गॅस बंद करायची चावी. खामल्याच्या घरात ती ओट्याखाली होती, झोपण्याआधी बंद करायची सवय आईपासूनची. इथे शेगडी विजेवर चालायची. कल्याणी कपाटाच्या अंधारात हात तसाच ठेवून बसली. आपण कुठे आहोत हे तिला माहीत होतं, पक्कं माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

*

"डोळे मिटा," डॉक्टर काटोले म्हणाले. धंतोलीत त्यांचा मेंदूविकारांचा दवाखाना होता आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्यांत निम्मे झेपेवाले होते. "स्वयंपाकघरात उभ्या आहात. तहान लागलीय. पाणी घ्या बघू."

कल्याणीने उजवा हात उचलला, माठावरच्या ओगराळ्याकडे. आणि पाय डावीकडे वळले, तिकडच्या घरातल्या नळाकडे.

"आता सांगा, हात कुठल्या घरात होता?"

तिने डोळे उघडून उचललेला हात पाहिला.

काटोलेंनी टेबलावरून दोन पातळ कागद घेतले, आरपार दिसणारे. प्रत्येकावर एकेक खोली काढलेली. "आपल्या मेंदूत आत, कानाच्या मागे म्हणा, जागा ओळखणाऱ्या पेशी असतात. तुम्ही दाराशी आलात की एक पेशी पेटते, ओट्याशी आलात की दुसरी. प्रत्येक घराचा असा एक नकाशा. घर बदललं की मेंदू जुना नकाशा गुंडाळतो आणि दुसरा उघडतो." त्यांनी एक कागद बाजूला सरकवला. "पण त्याला कसं कळतं, घर बदललं? डोळ्यांनी कळतं असं आपल्याला वाटतं. डोळे उशिरा येतात. आधी कळतं ते प्रवासाने. चाललेली पावलं, वळणं, गचके, भूक, आंबलेली मान. कानाच्या आत बारीक खडे असतात, ते गुरुत्वाच्या ओढीने हलतात आणि मेंदूला सांगत राहतात, निघालो, वळलो, लांब आलो. त्या धाग्यावर मेंदू चालतो."

"आणि झेपेत ते खडे तरंगतात," कल्याणी म्हणाली.

"तरंगतात. अर्धा तास धागाच नाही. मग वजन परत येतं, दार उघडतं आणि मेंदू म्हणतो, निघालोच कुठे होतो? जुना नकाशा गुंडाळला जातच नाही. त्याच्यावर दुसरा उघडतो." त्यांनी एक कागद दुसऱ्यावर ठेवला. दोन खोल्यांच्या रेषा एकमेकींत मिसळल्या. एकीच्या भिंतीत दुसरीचं दार आलं. "वर्षातून एखादी झेप घेणाऱ्याला काही होत नाही. तुमच्यासारखे, आठवड्याला दोनदा... या बाकावरच्या लोकांनीच नाव ठेवलंय याला. दुघरी."

"उपाय?"

"साधा आहे आणि तुम्हाला आवडणार नाही. झेप बंद. नाहीतर जुन्या विमानाने जा, अजून एखाददुसरं उडतं. मध्ये एकदा बदलायचं, एक अख्खा दिवस बसून राहायचं. कंटाळा यायला हवा. मेंदूला कंटाळा लागतो हो."

"जाण्यायेण्यात दोन दिवस गेले तर घरी मी कितीशी राहणार?"

काटोलेंनी दोन्ही कागद वेगळे करून ठेवले. मग म्हणाले, "मी झेपविमानाच्या कंपनीला कळवलं की तुमचं उडणं थांबेल. कळवायला मला पंधरा दिवसांची मुभा असते. आज कळवू?"

कल्याणीला त्या क्षणी आठवल्या त्या नोराच्या दोन टाचा, लाकडी जमिनीवर सपाट टेकलेल्या. आणखी एकदोन आठवडे. तेवढ्यात ती पाऊल टाकेल. मधेच सोडलं तर पाय पुन्हा आखडतील, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"नको," ती म्हणाली. "पंधरा दिवसांनी कळवा."

"ठीक." दारापर्यंत ते तिच्याबरोबर आले. "वस्तू पडल्या तर पडू द्या, वहिनी. हात भरलेले असताना तेवढं जपा."

घरी निनादने विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?"

"काही नाही. झोप कमी पडतेय म्हणाले."

"हे सांगायला एवढा शिकला का तो? मी फुकटात सांगून राहिलो कधीचा."

*

नंतरच्या खेपेला नोराने पाऊल टाकलं. एकच, वाकडं, पण स्वतःचं. कल्याणी परत आली ती त्याच धुंदीत. मिहानला उतरली तेव्हा इथली सकाळ कोवळी होती, रस्त्यावर पोह्यांच्या गाड्यांवर तर्रीचा वास होता, आणि घरात रुंजी नुकतीच आंघोळ करून ओल्या केसांनी टॉवेलात गुंडाळलेली. निनाद शाळेत निघायच्या गडबडीत होता.

"आई, उचल," रुंजीने हात वर केले.

"थांब, दूध ठेवते."

कल्याणीने शेगडीवर दूध ठेवलं. रुंजीला उचललं. आंघोळीच्या साबणाचा वास, ओल्या केसांचा थंड स्पर्श गालाला. हे वजन, हे असं कमरेवर बसणं, हे हातांना इतकं ओळखीचं होतं की त्यांना विचारायचं काही कारणच नव्हतं. रुंजी मागे रेलून हसली. कल्याणी गुणगुणली, "टाच म्हणते चल गं..." आणि डावीकडे वळून, काळजीपूर्वक, पाठीला आधार देत, तिला कट्ट्यावर बसवलं. आणि दूध बघायला हात काढून घेतले.

आवाज वाटीसारखा नव्हता. बसका, मऊ, आणि त्यानंतर काहीच नाही. मग रुंजीने श्वास घेतला आणि किंचाळली.

निनाद धावत आला. रुंजी लादीवर एका कुशीवर पडली होती, टॉवेल सुटलेला, खांदा विचित्र खाली आलेला. कल्याणी उभी होती. तिची नजर रुंजीवर नव्हती, तिच्या वर होती, रुंजी जिथे असायला हवी होती त्या रिकाम्या जागेवर. खरं सांगायचं तर त्या एका क्षणी तिला तिथे कोमट लाकूड दिसत होतं. आणि त्यावर मूल नव्हतं.

*

गळ्यापाशी, खांद्याला जोडणारं हाड मोडलं होतं. लहान मुलांचं लवकर जुळतं, हाडांचे डॉक्टर म्हणाले, डोक्याला लागलं नाही हे नशीब. रुंजीचा हात झोळीत बांधला, तिला औषधाने गुंगी आली. तिच्या खाटेच्या दोन बाजूंना दोघं बसले.

"पाय घसरला का तुझा?" निनादने विचारलं.

"नाही."

"मग सुटली का हातातून?"

"नाही निनाद. मी ठेवलं तिला."

"कुठं?"

कल्याणीने सांगितलं. वाट्या, गॅसची चावी, काटोले, दोन पातळ कागद. पंधरा दिवसांची मुभाही सांगितली. ते सांगताना तिचा आवाज खाली गेला.

निनाद ओरडला असता तर बरं झालं असतं. तो रुंजीच्या पायातला एकटा पैंजण बोटाने फिरवत राहिला.

"डॉक्टरनं सांगितलं, हात भरले असताना जपा. आणि तू घरी येऊन मला म्हणाली, झोप कमी पडते."

"हो."

"पंधरा दिवस काहून मागितले?"

"पोरगी चालणार होती."

"कोणती पोरगी?"

तिने रुंजीच्या अंगावरची चादर सारखी केली.

"आपली तर केव्हाचीच चालते, कल्याणी," तो म्हणाला. टोमणा मारायचा त्याचा विचार नसावा. पण शब्द एकदा बाहेर आले की कुठे जाऊन लागतील हे बोलणाऱ्याच्या हातात राहत नाही. थोड्या वेळाने त्याने तिच्यासाठी चहा आणला, कागदी पेल्यात. तिने हात पुढे केला तेव्हा तो क्षणभर थांबला. मग पेला तिच्या हातात न देता शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि तिचा हात धरून त्यावर टेकवला. आंधळ्या माणसाला देतात तसा.

कल्याणीला त्या दिवसात पहिल्यांदा रडू आलं.

*

दुसऱ्या दिवशी रुंजीला घरी आणलं. तिसऱ्या दिवशी गोतमारे काकू शिऱ्याची वाटी घेऊन आल्या. "पोरं पडतातच बापा," म्हणाल्या, "माझा तर माडीवरून पडला होता, आता बँकेत आहे." काकूंना कोणी खरं सांगितलं नव्हतं. बोलता बोलता त्यांनी कल्याणीच्या पिशवीकडे पाहिलं. दाराशी ती भरलेलीच होती. "आज निघायचं न तुला? मी थांबते पोरीजवळ."

"नाही काकू. आज नाही जात."

"रजा काढली?"

"काम सोडलं."

काकूंनी पिशवीवरची नजर काढून घेतली. शिऱ्याची वाटी ओट्यावर ठेवायला त्यांनी कल्याणीच्या हातात दिली, आणि कल्याणीने ती दोन्ही हातांनी धरून, आधी डाव्या पंजाने ओटा चाचपून, मग ठेवली. असंच करावं लागणार होतं आता. काटोले म्हणाले होते, काही महिने. जुना नकाशा एकदम जात नाही.

सीट तिने सकाळीच रद्द केली होती. क्लेअरला लिहिताना मात्र वेळ गेला. काय लिहायचं? शेवटी तेवढंच लिहिलं: माझी मुलगी पडली, मी आता येऊ शकणार नाही, तेल कोमट करून लावा, ती कळवळली तरी थांबू नका.

क्लेअरचं उत्तर रात्री आलं, तिकडे सकाळ झाल्यावर, तेव्हा कल्याणी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तुझी मुलगी बरी होऊ दे, असं आधी. मग: नोरा सकाळपासून कट्ट्यावरून खाली उतरत नाही. मी पट्टे बांधायला गेले तर पाय आखडून घेते. दाराकडे बघते आणि तो तुमचा शब्द म्हणते. त्या शब्दाचा अर्थ काय आहे, सांगशील?

कल्याणीने फोन पालथा करून कठड्यावर ठेवला. ठेवण्याआधी कठडा चाचपला. टोपलीत रुंजीचा तो टॉवेल होता. तिने तो झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला, पुन्हा काढला आणि नुसताच छातीशी धरून उभी राहिली.

आत आली तेव्हा रुंजी स्वयंपाकघरात होती. झोळीतला हात पोटाशी धरून ती शेगडीच्या डाव्या बाजूला, लादीवर, बरोबर त्या जागी बसली होती आणि वर बघत होती.

"इथे काय करतेस, राणी? थंड आहे लादी."

"बघून राहिली."

"काय?"

"बाबा म्हणाले, आईला इथं एक कट्टा दिसते. मला नाही दिसत."

कल्याणी तिच्याजवळ खाली बसली. जवळ, पण तिला मांडीवर घेतलं नाही. ती पडल्यापासून कल्याणीने तिला उचललं नव्हतं. "इथे नाहीच तो. तिकडच्या घरी आहे. मी चुकले. माझ्या हातांना वाटलं, आपण तिकडे आहोत."

"कसा आहे?"

"लाकडाचा. रुंद आहे. शेगडीजवळ आहे ना, म्हणून कोमट असतो."

"मी मावीन त्याच्यावर?"

"मावशील की."

"खिडकी आहे?"

"आहे. खिडकीतून पाणी दिसतं, बोटी दिसतात."

रुंजीने बऱ्या हाताने हवेत थोपटून पाहिलं, तिथे काही आहे का ते. नव्हतं. तिने हात खाली घेतला. आईवर रागावल्याचं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. गोलावरचा लाल दोरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिचं तोंड असंच झालं होतं, काहीतरी जुळवून बघत असल्यासारखं.

"तू मला बसवताना गाणं म्हणत होती," ती म्हणाली. "माझं गाणं. टाच म्हणते चल गं."

"हो."

"पण मी तर तिकडं कधी आलीच नाही." तिने मान वर करून आईकडे पाहिलं. "मग त्या कट्ट्यावर तू रोज कोणाला बसवते?"